तळपायाचा तीळ

तळपायावर तीळ असलेला माणूस पुष्कळ देशाटन करतो, असे आमची आजी सांगत असे. आमच्या डाव्या तळपायावर तसा एक तीळ लहानपणापासून होता. परंतु बेळगावापलीकडे आमची पावले फारशी गेली नाहीत. त्यामुळे त्याची आठवण आम्हांस क्वचितच होई.

साठी उलटल्यावर, २०२४ च्या पावसाळ्यापासून, तो पसरू लागला. कडा वेड्यावाकड्या झाल्या. एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला तपकिरी दिसू लागला. अनवाणी चालण्याची सवय. काटा मोडून आत राहिला असेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. लहानपणी आमच्या मानेवर एक चामखीळ होती. गळ्यातील क्रुसाचा गोफ तिच्यात अडके. आईने घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती पाडली होती. त्याच भरवशावर आम्ही एका रात्री तिळाला बिब्ब्याचा चटका दिला.

फोड आला, आम्ही लंगडू लागलो. आमच्या सूनबाई परिचारिका आहेत. त्यांनी पाय पाहिला आणि एवढेच विचारले, "बाबा, हे आधी का दाखवलं नाही?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हांस त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, चामखीळ विजेच्या सुईने जाळता येते, किंवा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पाडता येते. बदलणारा तीळ मात्र कधीही जाळू नये. तो समूळ कापून तपासणीस धाडावयाचा असतो; जाळून टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास काय उरणार? तिळाचे दोन अर्ध एकसारखे नसणे, कडा अस्पष्ट वा दातेरी होणे, रंगांची मिसळ, आणि सहा मिलिमीटरांहून मोठा आकार ही लक्षणे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली सुटसुटीतपणे मांडली. मेलॅनोमा नावाचा हा कर्करोग आपल्या लोकांत विरळा. पण होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. वाचकहो, आपण आपला तळपाय शेवटचा केव्हा न्याहाळला होता?

बधिर करण्याची सुई तळपायात फार झोंबली. पुढचे काहीच कळले नाही. कापलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून आम्हांस दाखविण्यात आला. एवढ्याशा गोष्टीने आमची झोप उडविली होती! टाके चौदा दिवस होते. सौभाग्यवती त्या दिवसांत फारसे बोलल्या नाहीत. रोज रात्री बॅटरी घेऊन टाके तेवढे पाहत.

दहाव्या दिवशी अहवाल आला. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. परंतु बिब्ब्याने भाजलेल्या भागाविषयी निश्चित सांगता येत नाही, असे त्यात लिहिले होते. मराठीत 'बिब्बा घालणे' म्हणजे चांगल्या कामाचा विचका करणे. आम्ही ते अक्षरशः केले.

आता दर तीन महिन्यांनी पाय दाखवावयाचा आहे. पुढची तारीख ऐन पेरणीत येते; सूनबाईंनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरावर तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे.