मागच्या अ‍ॅक्सलचं गणित

सोनगीरला आग्रा रोड गावालगतच. त्यामुळे आमची जुनी सीजे-3बी जीप घरातून निघाली की लगेच हायवेला लागते, आणि तिथेच ओरडायला लागते. तिच्या अ‍ॅक्सलचं रेशो 5.38. पिनियनला 8 दात, क्राउनला 43. शेताच्या गाळासाठी उत्तम. धुळ्याला जायला छळ. ताशी 60 किलोमीटरला इंजिन मिनिटाला 2400 फेऱ्यांच्या आसपास फिरतं.

आज गॅरेजमध्ये 4.27 ची क्राउन-पिनियन जोडी पाहिली. तीच 60 ची गती 1900 फेऱ्यांत मिळेल. मोह पडतोच. पण सायकलचा मोठा गिअर लावून चढ चढणाऱ्याचे गुडघे काय म्हणतात? बिजासन घाटात माल भरलेली जीप तेच म्हणेल. मला मधलं 4.88 पटतं. फेऱ्या जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी कमी होतात, ओढ मात्र फारशी जात नाही.

खर्च मात्र एका अ‍ॅक्सलवर थांबत नाही. फोर-व्हील वापरायचं तर पुढचंही रेशो तेच हवं, नाहीतर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केसचा जीव घेतील. शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. (पोलिसाला हे पटवून बघा!) शिमा घालून बॅकलॅश जुळवणं, दातांना रंग लावून घासण्याचा ठसा पाहणं, या कामात घाई करणारा मिस्त्री नको.

जुनी जोडी घेणार असाल तर क्राउन आणि पिनियनवरचे नंबर आधी जुळवून पाहा. जुळत नसतील तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.