न्यायासनाचे जाता जाता बोलणे

न्यायमूर्ती निकालपत्रात जे जे लिहितात ते सारेच कायदा होत नाही, ही गोष्ट अशिलाला पटवून देणे वकिलाला नेहमीच जड जाते. कारण ज्या वाक्यात आपली बाजू वाखाणली गेली, ते त्याला हुकूमनाम्याइतकेच मोलाचे वाटते. इंग्रजी कायद्याने अशा प्रासंगिक भाष्याला ‘ऑबिटर डिक्टम’ हे लॅटिन नाव दिले, आणि आमच्या बाररूममध्ये त्याचे नुसते ‘ऑबिटर’ झाले. ते वाक्य वगळूनही निकाल जसाच्या तसा उभा राहत असेल, तर पुढच्या न्यायाधीशाने त्याचा आदर करावा, पण त्याला ते बंधनकारक नाही, असा हा दंडक आहे.

दंडक सोपा खरा. परंतु अशा भाष्याचे भवितव्य मात्र विलक्षण असते. लंडनमधील ‘हाय ट्रीज’ या इमारतीचे वार्षिक भाडे अडीच हजार पौंड ठरले होते. युद्धामुळे सदनिका ओस पडल्या, तेव्हा १९४० मध्ये मालक कंपनीने ते निम्मे करण्याचे कबूल केले. आणि १९४५ च्या अखेरच्या दोन तिमाहींचे पूर्ण भाडे मागणारा दावा पुढे लागला असता, सदनिका पुन्हा भरल्या असल्याने, १९४६ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी तो मान्यही केला. कज्जा तेथे संपला होता. पण युद्धकाळातील सवलतीची वसुली मागितली असती, तर दिलेल्या वचनामुळे ती नामंजूर झाली असती, असेही त्यांनी लिहून ठेवले. ती वसुली कोणी मागितलीच नव्हती! न विचारलेल्या प्रश्नाच्या या उत्तरातून वचनविबंधाचे, म्हणजे दिलेल्या वचनापासून मागे फिरता न येण्याचे, आधुनिक तत्त्व वाढीस लागले, आणि १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, विक्रीकरमाफीचे आश्वासन देऊन मागे फिरलेल्या उत्तर प्रदेश सरकारला त्याच तत्त्वाने बांधले.

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असल्याने, त्यात त्याचे ऑबिटरही मोडते काय, असा पेच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५४ मध्ये तो सोडवताना तारतम्य राखले: जो मुद्दा सुनावणीत उपस्थित झाला, परंतु निकालास आवश्यक नव्हता, त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचे मत उच्च न्यायालयाने पाळावे, सहज निघालेल्या उद्गाराला मात्र ती प्रतिष्ठा नाही. मला हा विवेक आजही निर्दोष वाटतो.

खरी पंचाईत होते ती त्रयस्थाची. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी (ते उर्दूचे नामांकित कवी, आणि त्यांची लेखणी तशीच धारदार) एका फौजदारी प्रकरणात समस्त पोलीस दलाला देशातील गुन्हेगार टोळ्यांहून वाईट ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६३ मध्ये ते शेरे गाळण्यात आले. ज्याच्यावर ठपका आला त्याला कैफियत देण्याची संधी मिळाली होती काय, शेऱ्याला पुरावा होता काय, आणि निकालासाठी त्याची गरज होती काय, अशा तीन कसोट्या त्या वेळी लावल्या गेल्या. तिसरी कसोटी पाहता असे दिसेल की ज्या अनावश्यकतेमुळे भाष्य कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरते, तीच माणसाच्या अब्रूच्या दृष्टीने घातक ठरते. कारण हुकूमनाम्यावर पक्षकाराला अपील करता येते, पण जो पक्षकारच नव्हता त्याने दाद कोठे मागावी? त्याच्या हाती उरतो तो शेरा गाळण्याचा अर्ज, आणि त्याची सुनावणी होईपर्यंत तो मजकूर वृत्तपत्रांत छापून आलेला असतो.