हल्याळची वाट आणि एक दुपटे

बेळगाव सोडून खानापूरच्या रस्त्यास लागलेल्या प्रवाशास आश्विन महिन्यात दोन्ही बाजूंस पिवळसर होत चाललेली भाताची शेते दिसतात. मलप्रभेच्या काठचे खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले. तेथून नंदगडकडे वळावे. संगोळ्ळी रायण्णास इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले ते हेच नंदगड. त्याच्या समाधीपाशी क्षणभर थांबल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नाही. मग साग-बांबूंची दाटी वाढू लागते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ येते. या साऱ्या वाटेवर गावे बदलतात, पाट्यांवरील आणि लोकांच्या तोंडची भाषा बदलते. परंतु पावसाळा सरला की कुंपणांवर उन्हे खात पडलेल्या वाकळा मात्र बदलत नाहीत. मराठी घरातली वाकळ कानडी शेजारणीच्या घरी कौदी होते आणि हल्याळच्या रानात तिलाच कवंदी म्हणतात, इतकेच.

आमचा यंदाचा प्रवास या कवंदीसाठीच होता. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, यांनी बडोद्यास असलेल्या आपल्या लेकीच्या बाळासाठी ठिगळकामाचे एक दुपटे शिवून पाठविले होते. त्रिकोणी तुकड्यांची रांगोळी वर आणि आत आमच्या मातोश्रींच्या हिरव्या इरकली लुगड्याचा थर. तेथील एका धुलाईच्या दुकानात ते कसल्याशा तीव्र पावडरीत भिजविले गेले आणि वरच्या बाजूचे रंग उडून कापड विरून गेले. बाळास घेऊन दिवाळीस बेळगावी यायचे, आणि अक्कांचे तर मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. भाचीने ते दुपटे आमच्याकडे पाठवून विनविले, "मामा, अगदी तस्संच दुसरं करून घ्या. आईला कळायला नको." दिवाळीस पंधरा दिवस उरले होते.

शिवणार होती आमची सौभाग्यवती. तिने त्रिकोण मोजले आणि मान हलविली. त्रिकोणाची एक बाजू कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांना तिरपी कापली जाते. तशी कड हाताळताना ताणते, दोन तुकड्यांची टोके जुळत नाहीत, आणि उसवून पुन्हा घालण्यात दिवस जातात. लवकर होईल असा दुसरा कोणता तरी नमुना हवा होता. हल्याळकडे शिक्षक असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, "सर, एकदा इकडे सिद्दी बायकांचं काम पाहून जा."

सिद्दी समाजाविषयी थोडे सांगावयास हवे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले असे हे लोक. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातून निसटून त्यांच्यापैकी अनेकांनी घाट चढला आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या अरण्यांत आश्रय घेतला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या बोलीचा पाया कोकणी असून तीत मराठी व कानडी शब्दांची मिसळ आहे, त्यामुळे मराठी कानास ती फारशी परकी वाटत नाही. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० साली बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही तो लागू झाला. कवंद्यांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधण्यात हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाचा मोठा वाटा आहे; २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शनही भरले होते. परंतु येथे ती वस्तू मुख्यतः थंडीच्या रात्रीसाठीच असते.

हल्याळहून सांब्राणीच्या बाजूस एका घराच्या ओसरीवर पिकल्या केसांच्या एक मावशी कवंदी घालीत बसल्या होत्या. जमिनीवर जुने पातळ अंथरलेले आणि त्या स्वतः त्याच्यावर बसलेल्या. आपल्याकडे वाकळ करताना आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करतात, मग आतले थर पसरून कच्चे टाके घालतात आणि अखेरीस धावदोऱ्याच्या ओळी मारतात. म्हणजे एकाच कापडावरून हात तीनदा फिरतो. कवंदीत तसे नाही. एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, कडेने तुकडा ठेवावयाचा, त्याची धार आत दुमडावयाची आणि धावदोऱ्याने तो थेट खालच्या कापडास शिवून टाकावयाचा. त्याला लागून पुढचा तुकडा. असे चारही बाजूंनी फिरत फिरत काम आत सरकते आणि मध्यावर संपते. तुकडा जोडणारा टाका आणि थर धरून ठेवणारा टाका एकच.

आम्ही ओसरीवर बसूनच वहीत हिशेब मांडला. दुपटे ३६ इंच लांब व ३० इंच रुंद. टाक्यांच्या ओळींत पाऊण इंच अंतर धरल्यास एकंदर शिवण १२० फूट भरते. मोठ्या माणसाची सात फूट बाय पाच फूट वाकळ असती, तर ती ५६० फूट झाली असती. शिवणीचे हे १२० फूट कोणत्याही नमुन्यात चुकत नाहीत. फरक पडतो तो तुकड्यांच्या संख्येने. तीन-तीन इंचांचे चौकोन घेतले तर १२० तुकडे लागतात, सहा-सहा इंचांचे घेतले तर अवघे ३०. दुमडून बसवावयाच्या आतल्या सांध्यांची लांबी पहिल्या रीतीत ६५४ इंच, दुसऱ्या रीतीत २९४. तात्पर्य, ज्यास लवकर हवे त्याने टाके विरळ करू नयेत, तुकडे मोठे करावेत. विरळ टाक्यांचे दुपटे चार धुण्यांत फुगते आणि आतले थर गोळा होतात. मावशींना हा हिशेब सांगितला तेव्हा त्या हसल्या. त्यांना तो पाठच होता.

नमुना ठरला तो चौकटीत चौकट. बाहेर सहा इंच रुंद पट्ट्यांची एक चौकट, तिच्या आत दुसरी, आणि मध्ये बारा इंच बाय सहा इंचांचा एक तुकडा. तिरपी कापणी कोठेच नाही. मावशींनी एकच अट घातली. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान लहान त्रिकोणी फुले बसवितात; त्यांना 'फुलां' म्हणतात. ती नसतील तर कवंदी उघडीनागडी दिसते, अशी त्यांची समजूत. वेळ कमी असला तरी ती गाळावयाची नाहीत.

मग त्यांनी आम्ही नेलेले खराब दुपटे मागून घेतले. वरचा पदर चिमटीत धरून हलकेच ओढला, तो फाटत गेला. एक कोपरा उसवून आत बोट घातले. इरकली लुगड्याचा थर दोन्ही अंगठ्यांत ताणून पाहिला, तो टिकला. "हे चांगलं आहे. मध्यावर लावा," असे म्हणून त्यांनी विचारले, "जिनं शिवलं, तिला विचारलं का?"

विचारले नव्हते, कारण विचारावयाचे नाही असे भाचीचे आर्जव होते. परतीच्या वाटेवर आम्ही बराच वेळ गप्प होतो. हुबेहूब दुपटे करून अक्कांच्या हाती देणे म्हणजे त्यांच्याच हातच्या टाक्यांची नक्कल त्यांनाच दाखविणे होय. त्यांचे डोळे मंद झाले असले तरी बोटे मंद झालेली नाहीत. बेळगावी पोहोचल्यावर भाचीस दूरध्वनी केला. ती प्रथम रडली, आणि त्याच रात्री तिने आपल्या आईस सारे सांगितले.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा आम्हांस निरोप आला. "गेलं ते गेलं. तिला म्हणावं, रडू नको. त्रिकोणांच्या नादी लागू नका, पंधरा दिवसांत ते मलासुद्धा झालं नसतं. पण आईचं लुगडं वर शोभेला लावू नका. ते खालच्या अंगाला घाला, बाळाच्या अंगाशी. मी आत घातलं होतं ते मऊपणासाठीच." मावशींचा सल्ला आणि अक्कांचा आग्रह यांत आमच्या सौभाग्यवतीने अक्कांचे ऐकले. मध्यावर अक्कांच्याच एका जुन्या सुती पातळाचा तुकडा लागला, आणि इरकलीचा जेवढा भाग धड निघाला तेवढा तळाच्या कापडावर, बाळाच्या अंगास लागेल असा बसला. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून घेतले. एक लाल पट्टी पाण्यात रंग सोडू लागली, ती काढून टाकली. रोज दहा फूट याप्रमाणे बाराव्या दिवशी काम मध्यावर येऊन संपले. फुलां चारही कोपऱ्यांवर आहेत. तान्ह्याच्या तोंडात जातील म्हणून ती दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवली आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे मूळ गावापासून दूर आहेत, आणि अशी दुपटी, वाकळा टपालाने वा कोणाच्या तरी सामानातून त्यांच्याकडे येत असतात. एखादी खराब झाली तर ती टाकून देण्यापूर्वी एक कोपरा उसवून आतला थर अवश्य पाहावा. मोठे तुकडे, सरळ कापणी आणि दाट टाके एवढे सांभाळले तर नवी दोन आठवड्यांत उभी राहते. मात्र जिने पहिली शिवली ती हयात असेल, तर कोणता तुकडा कोठे लावावयाचा हे तिलाच विचारावे.