तलवारबहाद्दराची बाग

क्योटो शहराच्या पश्चिमेस अराशियामा नावाचा रम्य प्रदेश आहे. तेथील वेळूचे बन पाहावयास देशोदेशीची माणसे लोटतात. त्या गर्दीबरोबर आम्हीही बनाच्या टोकापर्यंत आलो, तो समोर एक साधे फाटक लागले. बहुतेक मंडळी तेथूनच निराळ्या वाटेने वळत होती. आम्ही मात्र तिकीट काढून आत शिरलो. ‘ओकोची सान्सो’ म्हणजे ओकोचींचे डोंगरातले घर, ते हेच.

देन्जिरो ओकोची (१८९८–१९६२) हे जपानी चित्रपटांतील नामांकित सामुराई नट. रंगभूमी सोडून ते मूकपटांत आले आणि दाइसुके इतो या दिग्दर्शकाच्या चित्रपटांनी त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. एक डोळा व एक हात गमावलेला तांगे साझेन ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. १९३५ साली सादाओ यामानाका यांनी याच साझेनला एका पोरक्या मुलाचा सांभाळ करावयास लाविले. त्या चित्रपटात त्याच्या तलवारीपेक्षा त्याची मायाच अधिक लक्षात राहते. महायुद्धानंतर अमेरिकन अंमलात तलवारीच्या चित्रपटांवर बंधने आली, तेव्हा अकिरा कुरोसावा यांच्या १९४६ सालच्या चित्रपटात ओकोची प्राध्यापकाच्या वेषात दिसले.

एवढी कीर्ती पदरी असता या गृहस्थांस बागेचा ध्यास का लागावा? चित्रपट फार काळ टिकत नाही, ही खंत त्यांच्या मनी होती. म्हणून टिकाऊ सौंदर्य त्यांनी येथे शोधिले. १९३१ साली त्यांनी प्रथम येथे देवघर बांधिले आणि पुढे सुमारे तीस वर्षे, मरेपर्यंत, आपली मिळकत याच डोंगरावर खर्चिली.

त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्या काळच्या फिती ज्वालाग्राही असत. शेकडो मूकपट जळून, सडून नाहीसे झाले. ओकोचींचा १९२७ सालचा, चुजी नावाच्या जुगाऱ्याच्या भटकंतीवरील तीन भागांचा चित्रपट कित्येक दशके नष्टच समजला जात होता. १९९१ साली त्याचे काही तुकडे हाती आले, तेव्हा ओकोचींना जाऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती!

शेवाळाने मढलेल्या वाटेने चढून आम्ही माथ्यावर गेलो. एकीकडे क्योटो शहर व त्यापलीकडे हिएई पर्वत, दुसरीकडे होझू नदीची खोल दरी. खाली उतरल्यावर तिकिटातच मिळणारा हिरवा चहा व गोड वडी घेत आम्ही बसलो. समोर एक वृद्ध माळी गळलेली पाने हलक्या हाताने वेचीत होता, शेवाळास धक्का न लावता. बागही आपोआप टिकत नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. ओकोचींच्या पश्चात हे काम एक दिवसही थांबले असते, तर आज आम्हांस काय दिसते? त्या जुन्या फितींच्या वाट्यास असा एखादा माळी आला नाही, एवढाच काय तो फरक.