वहीतली प्रश्नचिन्हं

माझ्या नेमबाजीच्या वहीत प्रत्येक वाया गेलेल्या गोळीपुढे एक अक्षर असतं. 'हा' म्हणजे हात, 'डो' म्हणजे डोळा, 'म' म्हणजे मन. मागच्या वर्षी त्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं यायला लागली.

दहा मीटर एअर पिस्तूल शिकवताना सर शॉट 'कॉल' करायला लावतात. गोळी सुटली की मॉनिटरकडे मान वळवायच्या आधी मनात बोलायचं: नऊ, सात वाजता. दिशा घड्याळाच्या काट्यांची. वर्षं घासली की कॉल आणि गोळी जुळायला लागतात. हा जुळलेपणा मला गुणांपेक्षाही मोलाचा वाटतो. चुकलं कुठे हेच कळलं नाही, तर सुधारायचं काय?

माझं जुळायचं. पण मधूनच मी 'दहा' म्हणावं आणि ती गोळी बारा वाजता, नवात जाऊन बसावी. साठ गोळ्यांत अशा चार-पाच. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं; पाच गोळ्यांचे पाच गुण गेले की निवडीच्या यादीत नावावर खूण करणारा कोणी उरत नाही.

साहजिकच मी स्वतःलाच दोषी धरलं. चष्म्याची काच बदलली. मुठीच्या लाकडावर पुट्टी लावून घासली, परत लावली, परत घासली. सर म्हणाले, श्वास रोखतेस. मग तेही सोडून पाहिलं. पिस्तूल इतक्या वर्षांचं, नऊ वेळा तपासलेलं. त्याच्यावर शंका घेणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं मलाच वाटायचं.

शेवटी दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पिस्तूल शिकंज्यात आवळलं आणि धडाधड दहा छर्रे मारले. कागदावर एकच भोक, जेमतेम एका छर्‍याहून मोठं. "पिस्तूल ठणठणीत आहे, मॅडम. हात बघा." मी पैसे देऊन मान खाली घालून निघाले. गाडीची किल्ली फिरवताना डोक्यात आलं, काका दहा गोळ्या मिनिटभरात मारतात. मी एवढ्या घाईने कधी मारते? साठ गोळ्यांना पंचाहत्तर मिनिटं असतात. मी हात वर नेते, जमलं नाही की खाली ठेवते, पुन्हा नेते. काही गोळ्यांना दोन-दोन मिनिटं जातात.

परत फिरले. काकांना म्हटलं, आता एक मारा, पाच मिनिटं थांबा, मग पुढची. ते कुरकुरले, पण थांबले. दुसरी गोळी भोकाच्या वर, सुमारे तीन मिलीमीटर. पुन्हा थांबलो. पुन्हा वर.

दोष रेग्युलेटरचा होता. सिलिंडरमधली दोनशे बारची हवा खाली उतरवून प्रत्येक गोळीला सारख्या मापाने देणं हे त्याचं काम. त्याचं सील झिजलं की पिस्तूल नुसतं पडून असताना आत हवा झिरपत राहते, दाब चढतो आणि थांबल्यानंतरची पहिली गोळी जरा जास्त वेगाने निघते. सेकंदाला दीडशे मीटरच्या वेगात दहाएक मीटरची भर पडली की दहा मीटरवर छर्रा तीनेक मिलीमीटर वर लागतो. दहाच्या वरच्या कडेला टेकणारी गोळी नवात जायला तेवढं पुरतं. म्हणजे मी जितकी सावकाश, जितकी मन लावून नेम धरायचे, तितकं ते मला फसवायचं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत ऐन भरात बिघडलं. वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तो प्रसंग आठवला की पोटात कालवतं. पण निदान तो बिघाड जगाला दिसला. बंद पडलेलं पिस्तूल पंचांना दाखवता येतं. माझं प्रत्येक गोळी उडवत होतं. तक्रार कशाची करणार?

सील बदललं, तीन महिन्यांत पुन्हा तेच. सिलिंडरची दहा वर्षांची मुदतही जवळ आलेली. कोऱ्या पिस्तुलाची किंमत लाखांत, म्हणून जुनंच घेतलं, खेळ सोडलेल्या एका मुलीकडून. घेताना शिकंजा मागितला आणि दोन गोळ्यांमध्ये पाच-पाच मिनिटं थांबले. ती बिचारी चहा करून घेऊन आली.

मूठ मात्र परकी होती. जुन्या लाकडात माझ्या अंगठ्याची खाच होती, हिच्यात तिची. महिनाभर पुट्टी आणि घासकागद. ट्रिगर पाचशे ग्रॅमचं वजन टांगून जुळवला.

नव्या पिस्तुलाची पहिली स्पर्धा बालेवाडीला झाली. चौतिसावी गोळी मी दहा कॉल केली. मॉनिटरवर आठ, सात वाजता. ट्रिगर हिसकल्यावर उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी जिथे जाते, नेमकी तिथेच. रात्री वही उघडली, सवयीने प्रश्नचिन्हाचा आकडा काढायला लागले, तो खोडला आणि लिहिलं: हा.