बर्फाची माता, भाताचं कणीस

पाच ऑगस्ट. गोव्यात साष्टीतल्या राय गावी पावसाने बांध निसरडे झालेले असतात, आणि सण असतो बर्फाच्या मातेचा!

या मातेची कथा रोमची. चौथ्या शतकातलं एक निपुत्रिक, धनवान जोडपं. सगळी इस्टेट येशूच्या आईला, मरियेला, वाहायची होती. ऐन उन्हाळ्यात ती स्वप्नात आली नि म्हणाली, बर्फ पडेल तिथे माझं मंदिर बांधा. सकाळी एस्क्विलिन टेकडी पांढरीशुभ्र! तिथेच आज सान्ता मारिया माज्जोरेचं भव्य चर्च आहे. इतिहासकारांना हे पटत नाही. आजची वास्तू पाचव्या शतकातली आणि कथा कागदावर दिसते ती आणखी कित्येक शतकांनी. 1969 मध्ये तर रोमच्या पंचांगातल्या या सणाच्या नावातूनही बर्फ गेला. तरी दर पाच ऑगस्टला त्या चर्चच्या छतातून मिस्सेच्या वेळी पांढऱ्या पाकळ्या पडतातच. मला हा हट्ट फार आवडतो.

रायच्या चर्चला या मातेचं नाव मिळालं ते पोर्तुगीज काळात. बर्फ इथे कोणी पाहिलाय? लोकांनी तिच्या हाती आपलं भात दिलं. त्या दिवशी पाद्री शेतात जाऊन विळ्याने पहिली कणसं कापतो, मंतरतो आणि ती घरोघर वाटली जातात. हेच कोणसांचं फेस्त. गोव्यातल्या हिंदू घरांत चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम असते. आमच्या कोकणात दाराला नव्या कणसांचं ‘नवं’ बांधतात. धर्म बदलला म्हणून भात पोटरीला यायचं थोडंच थांबतं?

गंमत म्हणजे मातेच्या सणाची तारीख जशी बदलते, तशी कणसं तिच्यामागे जातात. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत आठ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, नव्या भाताचे दाणे वाटून दुधात कालवतात. मासळीवाचून घास न उतरणारी माणसं त्या दिवशी केळीच्या पानावर शाकाहारी जेवतात. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक, मराठी बोलणारे, ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण करतात. त्यांच्या कित्येक शेतांवर आता इमारती आहेत. तरी आगेऱ्याला कणीस हवंच, मग ते जिथे अजून भात उभं असेल तिथून आणायचं.