अरे, आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात घसा फाटेस्तोवर ‘अरे, आवाज कुणाचा?’ असं ओरडलेल्या माणसाला उचलून ह्यूस्टनच्या एखाद्या शांत कॉलनीत नेऊन ठेवा. काय होईल? माझं झालं तेच. एकदम गप्प! मीटिंगमध्ये गप्प, कारण उच्चारांना हसतील. लिफ्टमध्ये गप्प. घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली की मीच धावत जाऊन गॅस बंद करायचो. व्हिसावर आलेल्या माणसानं फार आवाज करू नये, हा फंडा मला कुणी शिकवला नव्हता. तो आपोआप अंगात भिनला.

आणि मग 2013 साली मी एक पिकअप ट्रक घेतला.

“आपण काय ऊस वाहणार आहोत का?” बायकोनं विचारलं. प्रश्न रास्त होता. पण मंडळी, टेक्सासमध्ये पिकअप म्हणजे आपल्याकडची बुलेट. गरजेपेक्षा हौस मोठी. फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून अमेरिकेतला सर्वात जास्त खपणारा ट्रक आहे, यावरून काय ते समजा. माझा मात्र शेवरोले होता. 1995 चं मॉडेल, 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, दारावर गंज आणि सीटला आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास. प्रेमात पडायला आणखी काय लागतं?

एकच खंत होती. एवढं आठ सिलिंडरचं धूड, पण आवाज शिवणयंत्राचा. सिग्नलला शेजारी उभे असलेले ट्रक कसे पोटातून गुरगुरायचे! त्या गुरगुरण्यामागे साधं गणित आहे. व्ही-8 मध्ये चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे. पण ते डावं-उजवं, डावं-उजवं असे शिस्तीत पेटत नाहीत. मध्येच एकाच बाजूचे दोन लागोपाठ पेटतात. त्यामुळे ठेका चुकतो आणि लेझीममध्ये कुणीतरी मुद्दाम आडताल धरल्यासारखा तो भन्नाट ‘बड-बडबड-बड’ येतो. माझ्या ट्रकमध्ये तो ठेका मूळच्या सायलेन्सरमध्येच विरून जायचा.

म्हणून ठरवलं, डबल एक्झॉस्ट बसवायचा. गाडीच्या मागे दोन बाजूंना दोन नळ्या. च्यायला, आवाज झाला पाहिजे!

गाठलं एक मफलर शॉप. मालक साठीचे मेक्सिकन गृहस्थ. मला पहिल्याच वाक्यात ‘मिहो’ म्हणाले, म्हणजे ‘बाळा’. दोन वर्षांत त्या शहरात मला कुणी बाळा म्हटलं नव्हतं. मी तिथेच विरघळलो. मी आपला इंजिनाच्या दोन्ही बाजूंपासून मागपर्यंत दोन वेगळ्या नळ्यांचं बोलत होतो. काकांनी मान हलवली. मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो काढायचा नाही. काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे आणि मागच्या गाडीतल्या पोरांनी तुझा धूर का प्यायचा? तेव्हा कन्व्हर्टर राहणार, त्याच्यामागे एक तोंड आत आणि दोन तोंडं बाहेर असलेला सायलेन्सर लागणार, आणि तिथून दोन नळ्या. मजुरीसकट 420 डॉलर.

मला वाटलं होतं, तयार किट येईल, चार बोल्ट पिळले की झालं. पण यातली एकही नळी तयार नव्हती. काकांनी ट्रक लिफ्टवर चढवला, गंजलेले बोल्ट गॅसच्या ज्योतीनं लाल करून सोडवले आणि जुनी नळी करवतीनं कापून काढली. मग सव्वादोन इंची नळी घेऊन प्रत्येक वळण तिथल्या तिथे हायड्रॉलिक बेंडरवर. नळी ट्रकखाली धरायची, बघायची, उतरवायची, थोडी वाकवायची, परत धरायची. आमच्या गल्लीतला शिंपी असाच कच्चे टाके घालून अंगावर बाही लावून बघायचा.

उजवी नळी सहज गेली. खरी मजा डावीकडे. या ट्रकची पेट्रोलची टाकी डाव्या बाजूला, त्यामुळे तापलेली नळी तिथून न्यायची नाही. म्हणून तीही उजवीकडूनच, मागच्या ॲक्सलवरून, आणि मग ॲक्सल व स्टेपनीच्या मधल्या सापटीतून डावीकडे. वर पुन्हा जागा मोकळी ठेवायची, कारण खड्ड्यात ॲक्सल वर उचलला जातो. शेवटी पक्कं वेल्डिंग, रबरी हँगर, आणि नळ्यांची तोंडं पार मागे, बाहेर. धूर केबिनमध्ये शिरला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही. काकांनी इंजिन चालू करून नळ्यांच्या तोंडांना चिंध्या दाबल्या आणि प्रत्येक सांध्याजवळ कान नेऊन कुठे फुसफुसतंय का ते ऐकलं. मग म्हणाले, “घे मिहो, आता तू चालव.”

काय सांगू! ढोल-ताशाच्या पथकात पहिल्यांदा टोल पडतो तेव्हा छातीत जे होतं, ते झालं. खरं सांगायचं तर ताकदीत काडीचा फरक जाणवला नाही. हायवेला ठरावीक वेगावर केबिनमध्ये अशी घूंऽऽ सुरू व्हायची की बायको ट्रकमध्ये बसेना. पण मी रोज सकाळी सात वाजता इंजिन चालू करून दोन मिनिटं नुसता ऐकत बसायचो. अख्ख्या कॉलनीला कळत होतं, मी इथे राहतो.

अकराव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. शेजारीण. अंगावर नर्सचा निळा ड्रेस, डोळे सुजलेले. भांडली नाही. फक्त म्हणाली, “तो ट्रक तुझा का? मला रोज नाइट शिफ्ट असते. साडेसहाला घरी येते आणि सातला तुझा ट्रक सुरू होतो. काल माझ्या हातून औषधाचा डोस चुकता चुकता राहिला.”

दीड वर्ष शेजारी राहून आमचं हे पहिलं बोलणं. मला सॉरीसुद्धा धड म्हणता येईना.

शनिवारी पुन्हा काकांकडे. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. “मिहो, लोक माझ्याकडे दोनदा येतात. एकदा आवाज वाढवायला, एकदा कमी करायला.” मोठा सायलेन्सर आणि दोन्ही नळ्यांवर एकेक रेझोनेटर. आणखी 180 डॉलर. गुरगुर उरली, पण कानाला कान लावल्यासारखी. सकाळचं दोन मिनिटांचं ध्यानही बंद. पुढे तिनं घर बदललं तेव्हा तिचा सोफा आणि वॉशिंग मशीन माझ्याच ट्रकमधून गेलं. ऊस नाही, पण काहीतरी वाहिलं खरं! मीटिंगमध्ये तोंड उघडायला मात्र मला आणखी वर्ष लागलं. ते काम कुठलाच सायलेन्सर करू शकला नाही.

2019 ला पुण्यात परत आलो. आता कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि रात्री दीडला खालून एक बुलेट फटाके फोडत जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर यासाठी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. बायको म्हणाली, पोलिसांना फोन कर. मी म्हटलं, थांब, आधी बोलून बघतो.

गेल्या रविवारी त्या पोराला पार्किंगमध्ये गाठलं. आयटीतलाच, हिंजवडीला जातो, घरापासून लांब एकटा राहतो. मी ट्रकची सगळी गोष्ट सांगितली, त्या नर्सच्या डोळ्यांसकट. तो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, “जुना सायलेन्सर आहे माझ्याकडे. बदलतो. सॉरी हं, काका.”

सायलेन्सरचं बघू या. पण काका?